१५ युनोमिया: रात्रींमधली पायरी गेली

युनोमिया या लघुग्रहाचे तेजवक्र (वेळेनुसार तेज कसं बदलतं त्याचे आलेख) अखेर एकमेकांवर बसले! लागोपाठच्या रात्रींत उरणारी ०.०६ प्रतीची (प्रत म्हणजे तेजाचं माप) पायरी, म्हणजे वक्रांमधली तफावत, आता ०.०१५ च्या आत आली आहे. दोन शिखरं, दोन दऱ्या स्वच्छ दिसतात.

या एस-वर्गीय (खडकाळ) लघुग्रहाचा परिवलनकाळ ६.०८३ तास. चार फेऱ्यांना २४.३३ तास लागतात, म्हणून दुसऱ्या रात्री त्याच वेळी वक्राचा जवळपास तोच भाग समोर येतो, फक्त वीस मिनिटं मागचा. रोज तीनच तास मिळत असतील तर उरलेला अर्धा वक्र भरायला नऊ-दहा रात्री जातात. तोवर लघुग्रह दोन अंशांहून जास्त सरकतो आणि तुलनातारे (ज्यांच्याशी त्याचं तेज ताडून पाहायचं ते) पूर्ण बदलतात. पायरी शिल्लक असेल तर दोन शिखरांतला फरक ओळखता येत नाही आणि ३.०४ तासांचा अर्धा काळही तितकाच पटतो. खरा त्रास हाच.

पायरीचं मूळ ताऱ्यांच्या रंगात होतं. युनोमिया नवव्या प्रतीच्या आसपास असताना त्याच्या तोडीचे तारे क्षेत्रात मोजकेच असतात, आणि मिळेल तो तारा घेतला की त्यात तांबडे तारे शिरतात. लघुग्रह क्षितिजाकडे झुकला की हवेतून त्याचा प्रकाश तांबड्या ताऱ्यांपेक्षा जास्त घटतो, आणि वक्राला खोटा उतार येतो. आता बी-व्ही (निळ्या आणि हिरवट-पिवळ्या प्रकाशातल्या प्रतींमधला फरक, म्हणजे रंगाचं माप) ०.५ ते ०.९५ मधलेच तारे घ्यायचे, उंची ३० अंशांवर असेपर्यंतच मोजायचं. एपास या तारासूचीची नववी आवृत्ती दहाव्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांना भरवशाची नाही. त्यांच्यासाठी गाया उपग्रहाच्या डीआर३ सूचीवरून काढलेली व्ही प्रत कितीतरी सरस.

छोट्या एक्स्पोजरमध्ये ताऱ्यांची लुकलुक मोजमाप बिघडवते. फोकस किंचित ढिला करून व्ही फिल्टरमधून ३० सेकंद दिले की पिक्सेल भरून जात नाहीत आणि लुकलुकही सरासरीत विरते. अ‍ॅपर्चर (तेज मोजायचं वर्तुळ) मात्र त्या फुगलेल्या ठिपक्याला पुरेल एवढं मोठं हवं.

पुढे फोकल रिड्यूसर (दुर्बिणीचं क्षेत्र रुंद करणारं भिंग) लावायचा बेत होता. पण हे लिहिताना सोपा उपाय सुचला: प्रतियुतीजवळ (लघुग्रह सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असताना) तो पश्चिमेकडे रोज साधारण पाव अंश सरकतो. पहिल्या रात्री तो मध्यावर न ठेवता क्षेत्राच्या पूर्व कडेला ठेवायचा आणि दुसऱ्या रात्री दुर्बीण त्याच जागी रोखायची. पाऊण अंशाच्या क्षेत्रात दोन रात्री तेच तारे मिळतात, सूचीची गरजच उरत नाही. कडेला व्हिनिएटिंग (प्रकाश कमी पडणं) असतं, त्यामुळे ते भरून काढणाऱ्या एकसारख्या उजेडातल्या प्रतिमा, म्हणजे फ्लॅट, रोज ताजे घ्यावे लागतील. रिड्यूसर तूर्त बाजूला.

वेगवेगळ्या रात्रींची मोजमापं जोडताना जी (सूर्यप्रकाशाचा कोन बदलला की तेज किती बदलतं ते सांगणारा अंक) चं ठरावीक ०.१५ बदलून एस-वर्गाचं ०.२४ घाला, आणि प्रकाशकाल (प्रकाश आपल्यापर्यंत यायला लागणारा वेळ) वजा करा: दर खगोलीय एककाला ८.३ मिनिटं.