शेवटचे दोन सामने, एकाच वेळी

शुक्रवार, २ डिसेंबर २०२२

फुटबॉल विश्वचषक. टीव्हीवर दक्षिण कोरिया-पोर्तुगाल, मोबाइलवर उरुग्वे-घाना. चौघंही एकाच गटातले, त्यातले पहिले दोन पुढे जाणार. साखळी फेरीचा शेवटचा दिवस असाच बघावा लागतो, एका सामन्यावर नजर ठेवून भागत नाही.

मध्यंतराला उरुग्वे २-० ने पुढे, कोरिया १-१ बरोबरीत. म्हणजे पोर्तुगालसोबत उरुग्वे बाद फेरीत. मग नव्वद मिनिटं सरली आणि कोरियाचा सोन ह्युंग-मिन चेंडू घेऊन सुटला. जवळजवळ अख्खं मैदान एकट्याने कापलं. बॉक्सपाशी घेरला गेला तेव्हा क्षणभर थांबला आणि बचावपटूच्या पायांमधून अलगद पास दिला. ह्वांग ही-चानने पहिल्याच फटक्यात गोल केला. ते थांबणं मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. एवढी दौड मारून आल्यावर इतकं शांत डोकं!

मग आकडेमोड. दोघांचे गुण ४, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) दोघांचाही शून्य, पण कोरियाचे गोल ४ आणि उरुग्वेचे २. उरुग्वेला अजून एक गोल पुरला असता. कोरियाचा सामना संपला तरी तिकडे खेळ चालूच. कोरियाचे खेळाडू मैदानावर कडं करून एका फोनमध्ये डोकं घालून उभे, आणि तिकडे बाकावर उरुग्वेचा सुआरेझ जर्सीत तोंड लपवून रडतोय. घानाचं आव्हान संपलेलं, तरी तिसरा गोल होऊ नये म्हणून ते जीव तोडून खेळत होते. २०१० च्या उपांत्यपूर्व सामन्यात सुआरेझने गोलरेषेवर हाताने अडवलेला घानाचा चेंडू घानात कोण विसरेल?

कालही तेच. काही मिनिटं जपान स्पेनविरुद्ध आणि कोस्टा रिका जर्मनीविरुद्ध, दोघंही पुढे होते, म्हणजे स्पेन आणि जर्मनी दोघंही बाहेर! शेवटी स्पेन कसाबसा तरला, जर्मनी ४-२ जिंकूनही घरी गेला.

ही सगळी चुरस दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात म्हणून. हा नियम आला अल्जीरियाच्या वाट्याला आलेल्या अन्यायातून. १९८२ च्या विश्वचषकात त्यांनी पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं होतं, पण त्यांचा शेवटचा सामना एक दिवस आधी उरकला. दुसऱ्या दिवशी स्पेनमधल्या हिहोनला जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले ते पूर्ण हिशोब माहीत असूनच. जर्मनी १-० जिंकली तर दोघंही पुढे. दहाव्या मिनिटाला तो गोल झाला आणि नंतर सामना जवळपास थांबलाच, नुसती चेंडूची देवाणघेवाण. अल्जीरिया गोलफरकावर बाहेर. १९८६ च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी होतात.

आणि २०२६ साठी ४८ संघ, तीन-तीनचे १६ गट असा आराखडा आज, डिसेंबर २०२२ मध्ये, मंजूर आहे. (नंतरची भर: मार्च २०२३ मध्ये फिफाने तो बदलून चार-चारचे १२ गट केले.) तीन संघांच्या गटात शेवटच्या दिवशी एक संघ बाहेर बसणार आणि उरलेल्या दोघांना नेमकं काय लागतं ते आधीच ठाऊक असणार. पुन्हा हिहोनच की! फिफाने हा आराखडा मागे घ्यायलाच हवा. चार-चारचे १२ गट करा, तिसऱ्या क्रमांकाचे काही संघ पुढे न्या. त्याने धाकधूक थोडी कमी होईल, सामनेही वाढतील, तेवढं चालेल. पण आपला सामना संपवून दुसऱ्यांच्या सामन्याकडे हताशपणे बघत बसायची वेळ कुठल्याच संघावर येऊ नये.