दोन ओळींच्या मधली जागा

माझा सात ओळींचा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, तीन आठवडे रिव्ह्यूत (सहकाऱ्यांच्या तपासणीत) अडकून होता. पुण्यात असतो तर दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मर्ज होऊन मुख्य कोडमध्ये गेला असता, असं बायकोला रोज ऐकवत होतो. आज मात्र जे झालं ते झोपण्याआधी लिहून ठेवायचंय.

शुक्रवारी दुपारी दोननंतर ऑस्ट्रियातल्या ग्रात्समधलं आमचं ऑफिस ओस पडतं. आज टीममधल्या सगळ्यांत अनुभवी बाई संध्याकाळी सहापर्यंत माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या, माझ्या सात ओळींसाठी. त्यांची नेहमीची ट्रेन गेली, त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

पॅचमध्ये काम एवढंच होतं: पेज टेबलमधल्या, म्हणजे मेमरीच्या प्रत्येक तुकड्याची (पेजची) नोंद ठेवणाऱ्या तक्त्यातल्या, एका नोंदीवरची लिहिण्याची परवानगी काढायची. ६४-बिट एक्स८६ प्रोसेसरवर (इंटेल-एएमडीच्या घराण्यातल्या) ही नोंद ६४ बिटांची, म्हणजे चौसष्ट शून्य-एकांची. बिट ० म्हणजे पेज हजर आहे का, बिट १ म्हणजे लिहायला परवानगी आहे का. मी नोंद वाचली, बिट १ काढला, नोंद परत लिहिली. पहिल्या रिव्ह्यूत बाईंनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘या दोन ओळींच्या मध्ये दुसरा कोअर काय करतोय?’ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग.)

मी चिडून उत्तर दिलं की पेज टेबलचा लॉक घेतलाय, कोणी मध्ये येणार नाही. आज कळलं की घोळ तिथेच होता. तो लॉक पाळतो कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, कोड. प्रोसेसरचं हार्डवेअर त्याच्याकडे बघतही नाही. आणि बिट ५ व ६, म्हणजे ॲक्सेस्ड (पेज वापरलं) आणि डर्टी (पेजवर लिहिलं), हे प्रोसेसर स्वतःच उठवतो, म्हणजे १ करतो, कर्नलला न विचारता.

कराडला मामाच्या किराणा दुकानात उधारीची वही असायची. समजा मामाने एका पानाची नक्कल करून घेतली आणि आत बसून तिच्यात एक आकडा दुरुस्त केला. तेवढ्यात गल्ल्यावरच्या पोराने मूळ पानावर ‘दोन किलो साखर’ मांडली. मग मामाने येऊन दुरुस्त केलेली नक्कल त्या पानावर चिकटवली, की साखर गेली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, हिशेबच चुकला. माझ्या कोडमध्ये नेमकं हेच होत होतं. मधल्या क्षणात दुसऱ्या कोअरने पेजवर लिहून डर्टी बिट उठवला, तर माझी जुनी प्रत परत लिहिताना तो बिट पुसला जाणार. कर्नल समजणार की पेज डिस्कवरच्यासारखंच आहे, आणि मेमरी कमी पडली की डिस्कवर न लिहिता सोडून देणार. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही. कोणाचा तरी डेटा गेला, एवढंच.

योग्य रीत अशी: मध्ये कोणी शिरू शकणार नाही अशा एकाच अविभाज्य अदलाबदलीत नोंद बाहेर काढायची आणि जागी शून्य ठेवायचं. आता तिथे ‘हजर’ बिट नाही, त्यामुळे प्रोसेसर नवीन डर्टी उठवूच शकत नाही. आधी उठलेला असेल तर तो आपल्या हातातल्या प्रतीत आलाच. मग बिट १ काढून नोंद परत ठेवायची, आणि टीएलबी, म्हणजे कोअरजवळची अशा नोंदींची छोटी आठवण, फ्लश (रिकामी) झाल्याशिवाय परवानगी खरंच गेली असं धरायचं नाही, कारण इतर कोअर जुनीच नोंद लक्षात ठेवून लिहीत राहू शकतात. लिनक्समध्ये यासाठी तयार फंक्शनं आहेत. ती टाळून मी थेट लिहिलं होतं.

या गावाला हे बिट जवळचे आहेत. २०१७ मध्ये इथल्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी कर्नलची पेज टेबलं वेगळी ठेवण्याची कल्पना ‘कैसर’ नावाने मांडली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली मोठी सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली, तिचा शोध स्वतंत्रपणे लावणाऱ्या गटांत हेही होते. बिट २ वापरकर्त्याला कर्नलच्या मेमरीपासून अडवतो, असं सगळे धरून चालले होते. अनेक इंटेल प्रोसेसर ती तपासणी उशिरा करत होते. लिनक्सने मग कैसरवरच आधारलेला उपाय घेतला. शनिवारी मूर नदीच्या काठाने फिरताना याचा मला अभिमान वाटतो, गाव माझं नसूनही.

पण पुण्यात आम्हाला हे येत नव्हतं, असं कोणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. हिंजवडीत दर दोन आठवड्यांनी रिलीज असायचा. रात्री तीनला बग शोधून सकाळी नऊला क्लायंटच्या हातात दिलेले आहेत. सात ओळींना तीन आठवडे द्यायची सोय तिथे कोणी केलीच नव्हती. इथल्या लोकांची ती चैन आहे, आणि रविवारी साधं दूध आणायला दुकान उघडं नसतं ही तिची दुसरी बाजू आहे, असं मला अजूनही वाटतं.

घरी आल्यावर बाईंचा तो प्रश्न पुण्यातल्या जुन्या सहकाऱ्याला जसाच्या तसा पाठवला. तिकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. वीस मिनिटांत त्याचं उत्तर आलं: आमच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये अशा तीन जागा आहेत. त्यातल्या दोन मी लिहिलेल्या. उद्या सकाळी फोनवर दोघं मिळून त्या दुरुस्त करायला बसणार आहोत.