सुदानच्या दोन ओळी

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार. दुपारी तीनला डेस्कवर आले तेव्हा टीव्हीवर मेलबर्नचा तो प्रसंग चालू होता. कोहलीचा खांदा एकोणीस वर्षांच्या कॉन्स्टासला लागला, एवढीच गोष्ट. घडली पहाटे, आणि रात्री मी घरी निघाले तरी पडद्यावर तीच होती.

त्या दिवशी माझ्याकडे वर्षाच्या मागोव्याचं पान होतं. पूर्वी आम्ही वर्षाखेरीला चार पानांची पुरवणी काढायचो. आता सगळं वर्ष एका पानात बसवायचं. वरच्या अर्ध्यात जग, खालच्या अर्ध्यात मनोरंजन. खालचा भाग जाहिरातदाराने प्रायोजित केलेला, त्यामुळे तिथला एक सेंटिमीटरही हलणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं.

डेस्कवर बावीस वर्षं झाली. दर डिसेंबरात माझी चिडचिड होते, पण यंदा जरा जास्तच झाली. वरच्या भागात ट्रम्प, शेख हसीना आणि आठ डिसेंबरला दमास्कस सोडून पळालेले असाद आधीच बसले होते. गाझाची चौकटही होती. त्या बातमीत वर्षभर आम्ही मथळा तोच ठेवून फक्त आकडा बदलत आलो. वर्षाखेरीला तो पंचेचाळीस हजारांच्या पुढे गेला होता. माणसं मेल्याची बातमी अशी मीटरसारखी पुढे सरकवायची सवय लागली, याची मला मनापासून लाज वाटते.

खालच्या भागात कोटींचे आकडे. डिसेंबरातल्या एका मोठ्या सिनेमाने किती दिवसांत किती जमवले, हा सगळ्यात मोठा मथळा. त्याच सिनेमाच्या पहिल्या खेळाला हैदराबादच्या चित्रपटगृहाबाहेर चेंगराचेंगरीत एक बाई गेली आणि तिचा लहान मुलगा मरणाच्या दारात पोचला, त्याला एक ओळसुद्धा नाही. पायल कपाडिया कान महोत्सवात ग्रां प्री घेऊन आली. तीस वर्षांनी भारताचा सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता. त्यातल्या बाया मुंबईहून रत्नागिरीला जातात, छाया कदम त्यात आहे. म्हणजे आपल्या घरचीच गोष्ट. तिला 'याशिवाय' या पट्टीत जागा, जुलैतल्या मुंबईच्या त्या लग्नाच्या पाच फोटोंखाली.

मी सुदानवर चार कॉलमांचा मजकूर लिहिला होता. एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल लढतंय. लष्कराचे प्रमुख बुऱ्हान आणि त्या दलाचे प्रमुख हेमेदती, दोघांनी २०२१ मध्ये मिळून सत्ता घेतली होती, मग एकमेकांवर उलटले. एक कोटीहून जास्त माणसं घर सोडून निघाली. ऑगस्टमध्ये उत्तर दारफुर प्रांतातल्या एल फाशर शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, आणि दोनच दिवसांपूर्वी, २४ डिसेंबरला, तो पाच भागांत असल्याचं तज्ज्ञ समितीने सांगितलं.

'दुष्काळ' या शब्दापाशी मी बराच वेळ अडले. आपल्याकडे दुष्काळ म्हणजे पाऊस नाही, टँकर, चारा छावणी. माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी खाल्ली, जहाजाने आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या खाल्ल्या, आणि जगली. एल फाशरला तेव्हा वेढा पडला होता. धान्याच्या गाड्या माणसांनी अडवल्या होत्या. आकाशाचा त्यात काही दोष नव्हता. हा फरक वाचकाला सांगायलाच हवा, म्हणून चार कॉलम मागितले होते आणि संध्याकाळी वृत्तसंपादकांकडून भांडून मिळवलेही होते.

रात्री मनमोहन सिंग एम्समध्ये असल्याचा फ्लॅश आला. अकरा दिवसांपूर्वी झाकीर हुसेन यांच्या बाबतीत सगळ्यांचीच फसगत झाली होती. रविवारी रात्री बातमी आली, मग कुटुंबाने नाकारली, आणि सोमवारी सकाळी खरी ठरली. आमच्याकडे ती एका आवृत्तीत गेली आणि पुढच्या आवृत्तीतून काढावी लागली होती. म्हणून या वेळी सगळे हात बांधून थांबलो. एम्सचं पत्रक आलं : ९ वाजून ५१ मिनिटांनी. वय ब्याण्णव. पान एक उखडलं. १९९१ च्या अर्थसंकल्पाचे जुने फोटो शोधायला दोघे धावले.

माझ्या पानावर 'निरोप' ही पट्टी होती : रतन टाटा, अतुल परचुरे, झाकीर हुसेन, श्याम बेनेगल. तिथे आता मोठी जागा हवी होती.

"सुदान काढा," वृत्तसंपादक म्हणाले.

"लग्नाचे दोन फोटो काढू या ना, सर."

"खालच्या भागाला हात लावता येत नाही, माहितीय ना तुम्हाला? आणि ताई, सुदान कोण वाचतं?"

"आपण कधी वाचायला दिलंय?"

ते गप्प राहिले. वाईट माणूस नाही तो. त्या वेळी त्यांच्या टेबलावर तीन फोन वाजत होते. "दोन ओळी ठेवा," म्हणाले.

मनमोहन सिंगांना जागा द्यायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दर वेळी जागा करून देणारा कोण, हे आधीच ठरलेलं असतं. लग्नाचा फोटो कधी सरकत नाही. भुकेलेली छावणी सरकते.

पान लावणाऱ्या मुलाने चौकट आखली. रुंदी एक कॉलम. मी लिहिलं : 'सुदान : वेढ्यामुळे धान्य अडले, उत्तर दारफुरसह पाच भागांत दुष्काळ, एक कोटीहून अधिक बेघर.' 'दुष्काळ' खोडून 'उपासमार' केलं. ओळ तिसरीत जात होती. 'उत्तर' काढलं, तरी एक शब्द उरला. 'अधिक' काढायला मन होईना. शेवटी टाइप अर्ध्या पॉइंटाने लहान केला, तेव्हा बसली. साडेबाराला पान सुटलं.