गुटी बांधलेली फांदी सुकत का नाही?

डाळिंबाच्या फांदीची साल अंगठीसारखी गोल काढली, आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं, तरी वरची पानं भर दुपारी टवटवीत असतात. नवख्याला याचं नवल वाटतं, पण गुटी कलम, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून रोप करायची रीत, जमते ती याच्याच जोरावर.

पाणी चढतं ते लाकडातून. तिथल्या जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या. मुळांनी शोषलेलं पाणी आणि त्यात विरघळलेलं नत्र, पालाश, कॅल्शियम त्यातूनच वर जातं. मुळांचा थोडा दाब असतो, पण खरं काम ओढीचं. पानांतून वाफ उडते आणि नळीतला पाण्याचा सलग धागा वर खेचला जातो. डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली हेच मांडलं होतं. पानांत तयार झालेली साखर मात्र सालीच्या आतल्या अंगाला असलेल्या जिवंत रसवाहिन्यांतून खाली येते. शेंड्याकडचं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरकही सालीलगतच्या जिवंत पेशींतूनच उतरतं. साल काढली की उतरायची वाट तेवढी तुटते. साखर आणि ऑक्झिन कापाच्या वरच्या कडेला तुंबतात आणि मुळं तिथेच फुटतात.

म्हणून मुळं फोडणारं संजीवक वरच्या कडेलाच लावायचं. खालच्या कडेला फासलेलं वाया जातं.

काडी पेन्सिलीएवढी जाड, सहा महिने ते वर्षभराची घ्यावी. वेळ पावसाळ्याची, जून ते ऑगस्ट. तेव्हा वाढ जोरात असते, त्यामुळे साल केळीच्या सालीसारखी सुटते. ओढूनही सुटत नसेल तर दिवस चुकलाय असं समजा. पेराच्या लगेच खाली अडीच ते तीन सेंटीमीटरची साल काढायची. नंतर लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून बोटाला कोरडा लागेपर्यंत काढायचा. ही पायरी सर्रास चुकते. तो थर राहिला तर त्यातून नवी साल तयार होते, दोन्ही कडा सांधल्या जातात, साखर पुन्हा खाली वाहू लागते आणि दोन महिन्यांनी कापावर बांधलेलं शेवाळ उघडलं तर आत एकही मूळ नसतं. उलट चाकू लाकडात खोल गेला तर जलवाहिन्या तुटतात, पानं माना टाकतात आणि वाऱ्याने काडी तिथेच मोडते.

आयबीए हे संजीवक २००० पीपीएम (दहा लाख भागांत २००० भाग) हवं असेल तर १ ग्रॅम पावडर थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्याने ५०० मिली करायची. रात्रभर भिजवलेलं शेवाळ (मॉस) मुठीत घट्ट पिळून कापाभोवती बसवावं. एक थेंबही गळायला नको, कारण चिंब शेवाळात हवा राहत नाही आणि काप कुजतो. वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळायची, वरची गाठ जास्त घट्ट, नाहीतर पावसाचं पाणी आत उतरतं. गाठ सैल राहिली तर शेवाळ सुकतं, मुंग्याही घर करतात.

काही दिवसांनी वरची कड फुगते आणि तिच्यावर भाताच्या कणीएवढे पिवळसर दाणे दिसू लागतात. खालची कड तशीच सपाट राहते. झाडाला बांधलेली लेबलची तार काढायची राहून गेली की तिच्या वरच्या बाजूलाही असाच फुगवटा येतो, कारण तेच.

साधारण ३० ते ४५ दिवसांत पांढरी मुळं प्लास्टिकमधून दिसतात. ती तपकिरी होऊ लागली की गुटीच्या खाली निम्मा छेद द्यायचा आणि आठवड्याने पूर्ण कापायचं. एका झटक्यात तोडलं तर आईच्या झाडाकडून येणारं पाणी एकदम बंद होतं आणि चार कोवळ्या मुळांना सगळ्या पानांची तहान भागवता येत नाही. म्हणून निम्मी पानंही खुडावीत आणि रोप पिशवीत लावून शेडनेटखाली ठेवावं.

केळीला किंवा नारळाला अशी गुटी बांधता येत नाही. तिथे दोन्ही वाहिन्यांच्या जुड्या खोडभर विखुरलेल्या असतात, सोलून काढता येईल अशी वेगळी सालच नसते.

आणि तेल्या रोगाचे डाग असलेल्या बागेतली काडी, कितीही जोमदार दिसली तरी, गुटीला घेऊ नये. रोपाबरोबर रोगही नव्या बागेत जातो.