हजेरीपत्रकाच्या तळाशी पेनाने लिहिलेलं नाव

आमचं कॉलेज इतकं लहान आहे की माझ्या एकटीच्या टेबलावर तीन माणसांची कामं येतात आणि त्यातलंच एक म्हणजे वर्षातून एकदा रिटेन्शनचा आकडा काढून वर पाठवणं. म्हणजे काय तर मागच्या वर्षी फर्स्ट इयरला आलेल्यांपैकी यंदा सेकंड इयरला किती परत आले. साधा भागाकार आहे. आधीच्या बॅचचे ७० पैकी ५८ आले होते, जवळजवळ ८३ टक्के. यंदा ६४ पैकी ४७. एक्सेलने ७३.४ दाखवलं तेव्हा फॉर्म्युला गंडला असणार म्हणून मी तीनदा तपासला, पण तो बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मीटिंग. जवळजवळ साडेनऊ टक्के घसरण म्हणल्यावर जे व्हायचं तेच झालं, एक सर म्हणाले हल्लीची पोरं सिरियस नाहीत, दुसरे म्हणाले मोबाइल, कुणीतरी मेंटॉरिंग वीक घेऊ म्हणालं, त्याचं पोस्टर कोण करणार यावर दहा मिनिटं गेली. मी सांगायचा प्रयत्न केला की ६४ च्या बॅचमध्ये एक मूल म्हणजे दीड टक्क्याहून जास्त, एवढ्या लहान बॅचचा आकडा कॉलेजने काहीही न बदलता नुसत्या योगायोगानेही पाच-सात टक्के इकडेतिकडे होतो, तर सगळे माझ्याकडे असं बघायला लागले की ही आता कारणं सांगतीये. मग गप्प बसले. प्रिन्सिपल मॅडम मात्र शेवटी म्हणाल्या, "टक्के राहू दे, ती सतरा नावं आहेत का तुझ्याकडे?"

नावं होती, पण खरं सांगते, इतकी वर्षं हा आकडा पाठवतीये आणि ती यादी मी कधी प्रिंट करून नावनाव वाचली नव्हती.

यादी घेऊन आधी लायब्ररीत गेले. का, तर लायब्ररीतल्या काकांना अख्खं कॉलेज तोंडओळखीने माहितीये आणि या सतरा जणांकडे आमची पुस्तकं अडकली असतील तर फोन करायला निमित्त मिळेल असं डोक्यात होतं. काकांनी चष्मा वर करून यादीवरून बोट फिरवलं, पाचव्या नावावर थांबले आणि म्हणाले, "ही गेली कुठे? ही काय, खिडकीपाशी बसलीये."

मी बघितलं. बसली होती. समोर वही, शेजारी डबा, व्यवस्थित नोट्स काढत होती.

शेजारी खुर्ची ओढून बसले आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, तू कॉलेज सोडलंस का गं? ती इतकी घाबरली की पहिलं मिनिटभर काही बोललीच नाही. मग हळूहळू कळलं ते असं: मागच्या सेमिस्टरच्या फीची थोडी बाकी राहिली होती, त्यामुळे अकाउंटवर होल्ड लागला, होल्ड असल्यामुळे पोर्टलवर सेकंड इयरचं रजिस्ट्रेशन उघडेना, तिने आठ दिवस रोज करून बघितलं, तेवढ्यात शेवटची तारीख गेली आणि सिस्टीमने तिला आपोआप इनअ‍ॅक्टिव्ह करून टाकलं. सिस्टीमच्या हिशोबी ती गेली, आणि ती तर रोज येतीये. नऊ आठवडे. सगळी लेक्चर्स, सगळी प्रॅक्टिकल्स.

"मग हजेरी?" मी विचारलं.

"छापलेल्या यादीत माझं नाव नसतं ना, मग मी खाली पेनाने लिहिते."

ऑफिसात का नाही विचारलंस यावर ती म्हणाली, "विचारलं असतं तर नाही म्हणाले असते मॅडम. न विचारता निदान बसता तरी येतं." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, अजूनही सुचत नाहीये.

मुलं कॉलेज का सोडतात यावर व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाची १९७५ सालची थिअरी या कामात सगळेच सांगतात. त्यांनी धागा घेतला तो एमिल दुर्खीम या समाजशास्त्रज्ञाच्या आत्महत्येवरच्या अभ्यासातून, की माणूस ज्या समूहात नीट मिसळत नाही तिथून तुटतो. मुलाचं अभ्यासाशी आणि तिथल्या माणसांशी नातं जुळलं तर ते टिकतं, नाही जुळलं तर जातं. वाचताना मला पटलं होतं. पण ही मुलगी तर चिकटून बसली होती, तुटलो होतो ते आम्ही.

मग मला वेड लागल्यासारखं झालं. स्टाफरूममधून सेकंड इयरची सगळी हजेरीपत्रकं मागवली आणि फक्त तळ बघत सुटले. अजून दोन नावं सापडली, हाताने लिहिलेली, दर आठवड्याला, एकाने तर पुढे रोल नंबरसुद्धा स्वतःच ठरवून टाकलेला. शिकवणाऱ्यांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, वाटलं ऑफिसकडून नाव यायचं असेल. यात कुणाला दोष द्यायचा? मीही त्यांच्या जागी हेच समजले असते.

दुपारभर उरलेल्या चौदा जणांना फोन केले. पाच जण दुसऱ्या कॉलेजात गेलेत आणि मजेत आहेत, एकाने तर उलट माझीच विचारपूस केली. हे आमच्या खात्यात 'गेले' म्हणूनच राहणार. अमेरिकेत १९९० च्या कायद्यापासून कॉलेजांना ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे आलेल्यांपैकी किती जणांनी डिग्री घेतली ते, जाहीर करावा लागतो, त्याची पद्धत अशी की पहिल्यांदाच आणि फुलटाइम आलेली मुलं धरायची, चार वर्षांच्या डिग्रीला सहा वर्षं द्यायची, आणि जो दुसरीकडे जाऊन डिग्री घेईल तो पहिल्या कॉलेजच्या ग्रॅज्युएट्समध्ये मोजायचा नाही. आम्हीही तीच पद्धत उचललीये. राहिलेल्या नऊ जणांपैकी दोघांच्या नोकरीची शिफ्ट लेक्चरच्या वेळेत येत होती, एक आजारी होती, चौघांनी उचलला नाही, एक नंबर भलत्याच माणसाचा निघाला. आणि एका मुलाने स्पष्ट सांगितलं की विषयच आवडला नाही, सोडलं तेव्हापासून झोप लागते. त्याला परत ये म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि म्हणायला हवं असं वाटलंही नाही.

संध्याकाळी मॅडमच्या केबिनमध्ये अकाउंट्सचे सर, मी आणि ती तीन नावं. सर म्हणाले बाकी माफ करायची पद्धत नाही. मी अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचं सांगितलं, तिथे २०११ पासून अशाच किरकोळ बाकीमुळे नाव कमी होणाऱ्या मुलांना युनिव्हर्सिटीच छोटं अनुदान देते, कारण मूल गेलं तर पुढच्या सगळ्या वर्षांची फी पण जाते. सरांना हा हिशोब पटला (माणुसकीचा मुद्दा मी मुद्दाम काढलाच नव्हता). तिघांची बाकी हप्त्यांवर टाकली, होल्ड काढला आणि मॅडमच्या सहीने उशिराचं रजिस्ट्रेशन करायचं ठरलं.

आकड्याचं विचाराल तर तो ७३.४ च गेला. मोजणीच्या तारखेला जे रजिस्टर्ड तेवढेच धरायचे आणि ती तारीख कधीच उलटून गेली होती. मागची तारीख टाकू का असं मी अर्धवट चेष्टेत विचारून बघितलं, मॅडमनी नुसतं बघितलं माझ्याकडे. गंमत म्हणजे ग्रॅज्युएशन रेट मूल ज्या बॅचमध्ये आलं त्या बॅचवरून मोजतात, त्यामुळे ही मुलगी रिटेन्शनमध्ये 'गेलेली' आणि डिग्री वेळेत मिळाली तर ग्रॅज्युएशनमध्ये 'पास झालेली', दोन्ही एकाच बॅचच्या आकड्यांत.

तिघांपैकी दोघं राहिले. तिसरा, तो रोल नंबरवाला, मी निरोप दिला तेव्हा म्हणाला, "दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं तर बरं झालं असतं मॅडम, आता मी कामाला हो म्हणून बसलोय." त्याचं नाव पुढच्या पत्रकांत वर पण नाही आणि खाली पण नाही.

सोमवारी नवीन हजेरीपत्रक छापून वर्गात गेलं. तिचं नाव तेविसाव्या नंबरवर, टाइप केलेलं. दुपारी ते पत्रक माझ्याकडे परत आलं तेव्हा तेविसाव्या नावापुढे सही नव्हती. तळाशी पेनाने तिचं नाव लिहिलेलं होतं, नेहमीसारखं, आणि मग लक्षात आल्यावर खोडलेलं.