राखीव फौज उभीच राहिली

"त्याला रक्तपात नको होता, एवढाच त्याचा दोष," आज चहा घेताना मामा म्हणाले. विषय प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

कारण मला आउअरश्टेटची लढाई आठवते. १४ ऑक्टोबर १८०६. समोर फ्रेंच सेनापती दावूचे सव्वीस-सत्तावीस हजार सैनिक, प्रशियाचे त्याच्या दुपटीने. प्रशियाचा सेनापती, ब्रन्सविकचा ड्यूक, डोळ्यांना गोळी लागून पडला. राजा स्वतः रणांगणावर होता. त्याने ना दुसरा सेनापती नेमला, ना सूत्रं नीट आपल्या हाती घेतली. ताज्या दमाची राखीव फौज मागे होती, तिचा मोठा भाग लढाईत उतरलाच नाही. आणि मग माघार.

मामा, राजा सज्जन होता हे मलाही मान्य आहे. पण आदल्याच वर्षी त्याने रशिया आणि ऑस्ट्रियाला नेपोलियनविरुद्ध साथ देण्याचा शब्द दिला होता. ऑस्टरलिट्झला नेपोलियन जिंकला आणि निर्वाणीचा इशारा घेऊन गेलेला प्रशियाचा दूत त्याच्याशीच तह करून परतला! पुढच्या वर्षी युद्ध पुकारलं, तेव्हा रशियाची मदत अजून दूर होती. १८०७ च्या टिल्झिटच्या तहात जवळजवळ अर्धं राज्य गेलं.

आउअरश्टेटच्या त्या एका दिवसात हजारो माणसं पडली. त्यांच्या बाजूने पाहिलं की "रक्तपात नको होता" हे समर्थन मला फार तोकडं वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?