चार आकडी कुलूप

यंदा गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आलो. बॅगा अजून रिक्षातच होत्या आणि आत्यानं स्टीलचा डबा पुढं केला. डब्यात तांदूळ, तांदळात पुरलेला फोन. "चार महिने तसाच ठिवलाय तुझ्यासाठी. तू पोलिसात हाईस न्हवं? काढ ह्यातलं समदं."

फोन मामांचा. आत्याचे यजमान, आम्ही त्यांना मामाच म्हणायचो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारे, होते. जन्म मागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळं साधं बोलायचे तेही ओरडून. सप्टेंबरात गेले, आणि त्याच गडबडीत फोन बादलीत पडला. आत्याला त्यातले फोटो नकोत, पैशाचा हिशेब नको. मामा नातवासाठी आवाज रेकॉर्ड करून ठेवायचे, तेवढे हवेत.

"तू पोलिसात" हा गैरसमज मी नऊ वर्षं दुरुस्त करतोय आणि तो दुरुस्त होत नाही. मी इंग्लंडमधल्या एका जिल्हा पोलिस दलाच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे. गणवेश नाही, काठी नाही, कुणाला अटक करायचा अधिकार नाही. तिकडं पोलिस दलात असे बिनवर्दीचे नोकर पुष्कळ असतात. आमची इमारत एका औद्योगिक वसाहतीत आहे, बाहेर पाटी नाही, शेजारी फरशीचं गोदाम. नोकरी लागण्याआधी काही महिने माझी नुसती चौकशीच चालली होती. नातेवाईक कोण, कर्ज किती, कुणाचे पैसे देणं आहे का. आमच्याकडं लग्न जमवताना विचारतात तेवढंच, फक्त पत्रिका मागितली नाही.

काम काय? गुन्ह्यात सापडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू सीलबंद पिशवीतून माझ्या टेबलावर येते. फोन सगळ्यात जास्त. मग सीसीटीव्हीचे डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे डबे, गाड्यांचे डॅशबोर्ड, ड्रोन, कधी एटीएमच्या तोंडावर चिकटवलेली, कार्डावरची माहिती चोरायची पट्टी. अशी पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला, खरं सांगतो, कौतुक वाटलं होतं. बोटाएवढी सर्किटची पट्टी, जुन्या मोबाईलची पातळ बॅटरी, एक मेमरी चिप, आणि सोल्डर असा सफाईदार की आमच्या इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षकानं पैकीच्या पैकी दिले असते. या कामाचा एक मोठा भाग लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या चित्रांचा असतो. त्याबद्दल इथं लिहिणार नाही. फक्त एवढंच, की त्यासाठी ऑफिसकडून समुपदेशक मिळतो आणि त्याच्याकडं जाण्यात कुणाला लाज वाटत नाही.

आपल्याकडं पंचनामा असतो, दोन पंच असतात. तिकडं पंच नाहीत. ज्यानं वस्तू जप्त केली त्याच्या नावाची आद्याक्षरं आणि पुढं आकडा, हे त्या वस्तूचं नाव होतं आणि शेवटपर्यंत तेच राहतं. पिशवी कुणी उघडली, किती वाजता, परत सील केली तर नव्या सीलचा नंबर काय, सगळं लिहायचं. मी स्क्रू काढला तरी लिहितो. काम करता करताच लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. सुरुवातीला मला हा कारकुनी छळ वाटायचा. आता घरी कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून लिहाव्याशा वाटतात.

फोन मेलेला असेल तर शेवटचा उपाय म्हणजे त्याची मेमरी चिप बोर्डावरून उपटून थेट वाचायची. चिपच्या पोटाखाली दीडशेच्या वर बारीक सोल्डरचे मणी असतात. शिसं नसलेला सोल्डर साधारण 217 अंशांना वितळतो. वरून गरम हवा, खालून गरम ताट, हातात पातळ पातं, आणि श्वास रोखून थांबायचं. शिकाऊ असताना सरावाच्या बोर्डावर मी घाई केली. चिपच्या आत हवेतली ओल मुरलेली असते, ती हळूहळू भट्टीत आधी सुकवावी लागते. मी सुकवलीच नाही. दोनशेच्या पुढं गेल्यावर बारीक 'टक्' आवाज आला आणि चिपची पाठ फुगली. आतल्या ओलीची वाफ होऊन ती लाहीसारखी फुटली होती. या प्रकाराला तिकडं खरंच 'पॉपकॉर्निंग' म्हणतात. माझा वरिष्ठ काही बोलला नाही. ती फुगलेली चिप त्यानं माझ्या कीबोर्डला चिकटवून ठेवली, अजून आहे.

पण बहुतेक दिवस इतके थरारक नसतात. बहुतेक दिवस घड्याळात जातात. दुकानातला डीव्हीआर दाखवतो 21:14, पण खरी वेळ काय होती? जप्त करायला गेलेल्या माणसानं तिथल्या तिथं डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या घड्याळाशी ताडून फरक लिहून घ्यायचा असतो. त्यासाठी 123 नंबरची बोलणारी घड्याळसेवा आहे, 1936 पासून चालू असलेली. फोन लावला की रेकॉर्ड केलेला आवाज वेळ सांगतो. त्यात ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढं नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं आणतात. दुकानदार डीव्हीआरचं घड्याळ बदलायला विसरतो. तेवढ्या एका तासावर माणूस घरी होता की दुकानासमोर होता, हे ठरतं.

घड्याळाचा खोटेपणा पकडायची एक वेगळी वाट आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात सोलापूर येतं. विजेच्या उपकरणाजवळ रेकॉर्ड केलेल्या आवाजात बऱ्याचदा एक बारीक गुणगुण मिसळलेली असते. कानाला कळत नाही, यंत्राला कळते. वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची, पण ती कधीच बरोबर 50 नसते. मागणी वाढली की जरा खाली, कमी झाली की जरा वर. ही डुगडुग सगळ्या ग्रिडवर, म्हणजे विजेच्या जोडलेल्या जाळ्यावर, एकाच क्षणी सारखी असते, आणि काही मिनिटांची डुगडुग जशीच्या तशी पुन्हा येणं जवळपास अशक्य. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या प्रयोगशाळेनं गेली बरीच वर्षं ही वारंवारिता सेकंदासेकंदाला नोंदवून ठेवली आहे. संशयास्पद रेकॉर्डिंगमधली गुणगुण त्या नोंदीवर सरकवत न्यायची. जिथं बसली, ती रेकॉर्डिंगची खरी वेळ. मध्येच तुटली, तर कुणीतरी कात्री चालवली असण्याची शंका. ही पद्धत रोमानियाच्या कातालिन ग्रिगोरास यांनी पुढं आणली. 9 ऑगस्ट 2019 ला ब्रिटनमध्ये वीज गेली, तेव्हा वारंवारिता 48.8 पर्यंत घसरली होती. त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग असेल तर ते ओळखायला फार शोधाशोध नको.

आणि सोलापूर कुठं आलं? आपल्या देशात दक्षिणेचं ग्रिड बाकीच्या देशापासून वेगळं होतं, दोन्हीकडची डुगडुग वेगवेगळी. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर ते सोलापूर ही 765 केव्हीची लाईन जोडली गेली आणि सगळा देश एका ठोक्यावर आला. हे मी पहिल्यांदा कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाला, "म्हणजे तुझ्या गावातून देशाची गाठ मारली." मी मान हलवली. त्याच सोलापुरात आम्ही भारनियमनात मेणबत्तीवर अभ्यास केला, हे त्याला सांगितलं नाही. (वीज नसेल तर गुणगुणही नाही. चोरांनी या मुद्द्याचा विचार केलेला दिसत नाही.)

कोर्टात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पोटात गोळा होता. समोर बारा ज्युरी, वकिलांच्या डोक्यावर पांढरे टोप. शपथेला गीता आणून दिली. आरोपीच्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, "हा मेसेज माझ्या अशिलानं पाठवला, असं आपलं म्हणणं आहे?" आणि मी, आदल्या रात्री अहवाल चार वेळा वाचलेला माणूस, 'हो' म्हणणार होतो. फोन त्याचा, खातं त्याचं, वेळ जुळते. तोंड उघडलं आणि थांबलो. म्हणालो, "नाही. या फोनवरून हा मेसेज या वेळी गेला, एवढंच मी सांगू शकतो. बटण कुणी दाबलं ते फोनला माहीत नाही." पोलिसांकडून आलेल्या अधिकाऱ्याचा चेहरा पडला. पण तिथल्या कायद्यानं तज्ज्ञाचं पहिलं देणं कोर्टाला लागतं, पगार देणाऱ्याला नाही. नोकरीच्या नऊ वर्षांत मी खरं शिकलो असेन तर हेच, चिप जेवढं बोलली तेवढंच बोलायचं. वाटतं तितकं सोपं नाही ते. समोर रडणारी आई बसलेली असते.

यंत्राला जास्त बोलू दिलं की काय होतं ते ब्रिटननं पाहिलंय. पोस्ट ऑफिसच्या होरायझन नावाच्या संगणक प्रणालीनं हिशेबात तूट दाखवली. 1999 ते 2015 च्या दरम्यान 900 हून जास्त माणसं चोर ठरली, साधी गावातली पोस्टं चालवणारी. तूट प्रणालीतल्या दोषांची होती. तिथल्या कोर्टात संगणक नीट चालत होता असंच धरून चालतात, उलटं दाखवायचं ओझं समोरच्यावर. शेवटी 2024 मध्ये कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. मला तो नियम तेव्हाही पटला नव्हता, आताही पटत नाही.

आपल्याकडचा कल उलटा आहे. जिल्हा कोर्टात वकिली करणारा माझा शाळेतला मित्र पार्क चौकात चहा पिताना म्हणाला, "तुमच्याकडं यंत्रावर विश्वास, आमच्याकडं कागदावर." 2014 च्या जालना विधानसभेच्या निवडणुकीत अर्ज दुपारी 3 च्या आत आला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर गेला होता. म्हणजे पुन्हा घड्याळच! खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं, मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याचं प्रमाणपत्र हवंच. आता 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम 63 खाली त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक उपकरण सांभाळणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा ठसा. फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. शिवाय नव्या फौजदारी संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचंय. सोलापुरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी पुण्याच्या आयटी पार्कपलीकडं बघायला हरकत नाही, एवढं माझं मत.

असो. मामांचा फोन.

आत्याला मी आधी तांदळाबद्दल सांगितलं. तांदळानं काही होत नाही. पाणी उडून जातं, पण आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावरच बसतो आणि गंज चालूच राहतो, वर तांदळाची भुकटी फोनच्या भोकात जाते. पाण्यात पडला की बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही, आणि लवकरात लवकर उघडून धुवायचा. "मग चार महिने मी राखण कशाची केली रे?" तिनं विचारलं. मी विषय बदलला.

नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं आम्ही दोघं बसलो. हत्यारं त्याची, धास्ती माझी. त्यानं बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जुन्या टूथब्रशनं घासला, मी भिंगातून बघत होतो. हिरवट गंज चार्जिंगच्या कोपऱ्यात होता, बाकी बोर्ड नशिबानं स्वच्छ. नवी बॅटरी, नवी चार्जिंगची पट्टी. तासाभरानं फोन लागला, कंपनीचं नाव झळकलं, आत्यानं पदर डोळ्याला लावला. आणि स्क्रीनवर चार टिंबं आली. पिन टाका.

पिन कुणालाच माहीत नाही. आत्या माझ्याकडं बघत राहिली. आता चिप उपटून उपयोग नव्हता. अँड्रॉइड 10 पासून पुढच्या नव्या फोनांत आतलं सगळं कुलूपबंद असतं, आणि त्याची किल्ली पिन आणि प्रोसेसरच्या आत दडलेलं गुपित मिळून तयार होते. चिप एकटी काढली तर हातात नुसता भुसा. मेमरी कार्डाची जागा बघितली, रिकामी. ब्रिटनमध्ये संशयिताला पिन सांगायची नोटीस देता येते, नाही सांगितला तर साधारण दोन वर्षांपर्यंत कैद. मामांना नोटीस कुठं पाठवणार?

"येवढं शिकून इंग्लंडात गेलास, आन् तुला येवढंबी येत न्हाई व्हय?" आत्या म्हणाली. लंडनमधल्या कुठल्या वकिलानं मला असं गप्प केलेलं नाही.

मी तिला एकच सांगितलं. वाट्टेल ते आकडे दाबत बसायचं नाही, काही चुकांनंतर फोन थांबायला लावतो आणि थांबायची वेळ वाढत जाते. आधी विचार करायचा, मग टाकायचा, आणि टाकलेला प्रत्येक आकडा तारखेसकट वहीत लिहायचा. किराणा हिशेबाच्या वहीचं मागचं पान तिनं त्यासाठी काढलं. लग्नाचं वर्ष, नातवाची जन्मतारीख, मामांचा गेटपास नंबर, अशी सुरुवात झाली.

मी इंग्लंडला परत येऊन सात आठवडे झाले. दर रविवारी सोलापुरात दुपार असते तेव्हा आत्याचा फोन येतो. गेल्या रविवारी वहीत एकोणीस आकडे झाले होते.

"अरे, त्यांची पयली लुना आठवती का तुला? तिचा नंबर टाकू का?"

"टाक. पण आधी वहीत लिही."

"लिवलं," आत्या म्हणाली. "वेळ बी लिवली."